लाल ठिपक्याचा कप

चहाताई चहाला नाही म्हणाल्या, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. अंगात ताप असताना नाही, दात काढून आल्यावर नाही. नवऱ्याला पोचवून घरी परतल्या त्या दिवशी शेजारणीने भीतभीत विचारलं, "घोटभर घेणार का?" तर म्हणाल्या, "घोटभर कशाला, कपभर आण. रडायला अंगात पाणी नको?" शेजारीण ही गोष्ट पुढे वीस वर्षं सांगत होती आणि दर वेळी कपांची संख्या एकाने वाढवत होती.

त्यांचं खरं नाव मंडळाच्या पगारपत्रकावर होतं, तेवढंच. हे मंडळ म्हणजे क्षयाच्या रोग्यांना दवाखान्यातून सोडल्यावर सांभाळणारी धर्मादाय संस्था. दवाखान्याचं काम गोळ्या लिहून देण्यापुरतं. पुढचे सहा महिने मंडळाचे. खालच्या मजल्यावर दूध पावडर आणि तेलाच्या बाटल्या, वरच्या मजल्यावर सेक्रेटरी, आणि मधल्या जिन्यात चहाताई, कुणाशी तरी बोलत. घरोघरी जायचं, रोग्याचं वजन करायचं, गोळ्यांची रिकामी पाकिटं बघायची, अंडी पोचवायची, पोरांच्या वह्यापुस्तकांचं विचारायचं, घरमालक खोली खाली करा म्हणत असेल तर त्याच्या दारात जाऊन बसायचं. दारात बसण्यात ताईंचा हात कुणी धरला नसता. घरमालक कंटाळून चहा विचारायचा, ताई हो म्हणायच्या, आणि तिसऱ्या कपाला तो शरण यायचा.

पिशवीत वजनकाटा असायचा. रोग्याचं वजन झालं की घरातली सगळी एकेक करून त्यावर चढायची, शेजारच्याही यायच्या. ताई मात्र कधी चढल्या नाहीत. "काटा मंडळाचा आहे," म्हणायच्या, "मोडला तर भरून कोण देणार?"

आणि शेवटची भेट असायची कपाची.

ही चाल मंडळाने ठरवून काढलेली नव्हे. ती ताईंच्या हावरटपणातून निघाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरी शेवटच्या भेटीला गेल्या होत्या. यजमानीण आत चहा गाळत होती, ताईंना दम निघेना. खिडकीत एक भरलेला कप दिसला, तो उचलून त्यांनी तोंडाला लावला. कप रोग्याचा होता, वेगळा ठेवलेला, खुंटीवरचा. ताईंच्या लक्षात आलं तोवर अर्धा कप पोटात गेला होता. आता थांबणं जास्त वाईट दिसलं असतं, म्हणून त्यांनी उरलेलाही संपवला, ओठ पुसले आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे." रोगी होता एक थोराड हमाल, तो तोंड फिरवून रडायला लागला. त्याच्या सासूने मुकाट्याने तो कप उचलला, धुतला आणि घरातल्या बाकीच्या कपांत नेऊन ठेवला.

आता बघा, हा रोग कपातून होत नाही. तो खोकल्यातून, हवेतून जातो, आणि औषध नीट घेतलेल्या, तपासणी स्वच्छ आलेल्या माणसाकडून तर जातच नाही. हे डॉक्टर सांगून थकले होते. दवाखान्याच्या भिंतीवर चित्रांसकट लावलेलं होतं. पण भिंतीवरचं वाचून कुणाची सासू बदलली आहे? हमालाच्या सासूला मात्र ताईंच्या एका कपाने पटवलं. सेक्रेटरी हुशार. त्याने शेवटच्या भेटीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली: "रुग्णाच्या कपातून चहा घेतला का? हो / नाही." त्यानंतर ताईंनी शे-दीडशे घरांत असा चहा घेतला. दार उघडं ठेवून, घरच्यांच्या आणि जमल्यास शेजारच्यांच्या देखत. नवलाईची गोष्ट म्हणून लोक बघायला यायचे आणि बघून गेल्यावर गप्प व्हायचे. कप खुंटीवरून फळीवर जायचा, आणि माणूस पडवीतून घरात.

चौकटवाल्याचं घर त्यांच्या यादीत आलं ते ताईंच्या पन्नाशीनंतर. चित्रं, फोटो, प्रमाणपत्रं यांना लाकडी चौकटी करून द्यायचा त्याचा धंदा. पुढे दुकान, मागे घर, आणि घरामागे लाकूड ठेवायची पत्र्याची खोली. दुखणं निघाल्यावर त्याच्या आईने त्याला त्या पत्र्याच्या खोलीत हलवलं. आई वाईट नव्हती. तिचा धाकटा भाऊ याच दुखण्याने गेला होता, औषधं निघायच्या आधीच्या काळात; ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं. ताटवाटी वेगळी, कप वेगळा. कप ओळखू यावा म्हणून चौकटवाल्याने स्वतःच कपाच्या कानावर लाल रोगणाचा ठिपका दिला होता. "माझा माल आहे," तो ताईंना म्हणाला, "खूण माझीच हवी."

"एवढ्याशा ठिपक्याला कशाला भ्यायचं?" ताई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या नाकावर याहून मोठा होता, तरी मी संसार केला."

तो हसला आणि हसता हसता खोकला. ताईंनी त्याला रुमाल तोंडावर धरायला लावला आणि खिडकी उघडली.

सहा महिने हे असं चाललं. त्याला सहा वर्षांची मुलगी होती. ती घर आणि पत्र्याची खोली यांच्यामधल्या दाराच्या काचेला चित्र चिकटवून धरायची. पलीकडून तो बोटाने हवेत चौकट काढून दाखवायचा, एवढी रुंद, एवढी उंच. बायको जेवण उंबऱ्यावर ठेवायची आणि सासूची पाठ वळली की मिनिटभर तिथेच बसायची. वजन वाढत गेलं. थुंकीची तपासणी दोनदा स्वच्छ आली. डॉक्टरने लिहून दिलं, पूर्ण बरा. आईने कागद उलटा सुलटा पाहिला आणि म्हणाली, "कागदाला काय, कागद कुणीही लिहितो. त्या चहाबाई पितील त्या दिवशी मी मानेन."

म्हणजे सगळं येऊन अडलं ते त्या एका कपावर. चौकटवाल्याने तयारी केली. घरातल्या टेबलाला चार खुर्च्या होत्या, आजारपणात त्याची खुर्ची दुकानात नेली होती, तिला त्याने नवा पाय बसवला, पॉलिश केलं. "मंगळवारी हिच्यावर बसून जेवणार," ताईंना म्हणाला. "तुम्ही नुसता घोट घ्या. बाकी मी बघतो."

"घोट?" ताई म्हणाल्या. "माझी एवढी बदनामी आजवर कुणी केली नव्हती. दोन कप टाक."

हे झालं आधीच्या मंगळवारी. त्याच गुरुवारी ताईंच्या सुनेला मुलगा झाला.

पहिला नातू! ताई दवाखान्यात धावल्या, घरी आणल्यावर पाळण्याशी धावल्या, आणि सुनेने बाळ उचलून छातीशी घेतलं. भांडण नाही, आवाज नाही. रविवारपर्यंत ताईंनी नातवाची फक्त टाळू पाहिली. शेवटी त्या मुलाला म्हणाल्या, "तुझी बायको मला बाळ का देत नाही?" मुलगा छताकडे बघायला लागला. लग्नानंतर हा मुलगा छताचा मोठा अभ्यासक झाला होता.

सूनच बोलली. "आई, तुम्ही त्या घरांत जाता, तिथल्या कपांतून पिता. सगळ्या गावाला माहीत आहे."

"अगं, कपातून होत नाही हा रोग! तू शिकलेली, तुला मी सांगायचं?"

"मला कळतं हो, आई. पण भीतीला कळत नाही त्याला मी काय करू? सात दिवसांचंही नाही अजून." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिथे जा, काम करा, मी कुठे अडवते? फक्त तिथलं काही तोंडात घालू नका. पाणीसुद्धा. बाळ थोडं मोठं होईपर्यंत. एवढं कबूल करा, मग आत्ता घ्या."

ताईंनी कबूल केलं. समोर बाळ होतं, हात पुढे झालेले होते. त्या वेळी त्यांनी चंद्रही कबूल केला असता. बाळ मांडीवर आलं. त्याने जांभई दिली. मंगळवार कुठे आठवतोय कुणाला?

मंगळवारी आठवला, चौकटवाल्याच्या दारातच. दार सताड उघडं. आई टेबलाशी, बायको चुलीपाशी, मुलीच्या केसांना नवी फीत. समोरच्या घरातली शिंपीण, जी त्या गल्लीचं वर्तमानपत्र होती, खास बोलावलेली, येऊन खुर्चीवर बसलेली. चौथी खुर्ची भिंतीशी, चकचकीत, रिकामी. चौकटवाला धुतलेला सदरा घालून उंबऱ्याच्या पलीकडे उभा. त्याने लाल ठिपक्याचा कप स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवला. बायकोने त्यात काठोकाठ चहा ओतला.

ताईंनी कपाकडे पाहिलं. वास चांगला येत होता, आलं घातलेलं होतं. मांडीवर अजून त्या बाळाची ऊब होती. सून विचारेल, संध्याकाळी, बाळ देण्याआधी, नक्की विचारेल. आणि ताईंना गावभरच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगता यायच्या, पण सुनेच्या डोळ्यांत बघून सरळ खोटं बोलणं जमणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"आज चहा नको," ताई म्हणाल्या. "पोटात जरा गडबड आहे."

बस, एवढंच वाक्य. दुसरी कुणी बोलली असती तर वाऱ्यावर गेलं असतं. पण बोलल्या चहाताई! नवऱ्याच्या मरणाच्या दिवशी ज्यांना चहा चालला, त्यांना आज नको होता. शिंपिणीने आईकडे पाहिलं. आईने चौकटवाल्याच्या बायकोकडे पाहिलं. मुलीने बाबांकडे पाहिलं.

"तो पूर्ण बरा आहे हं," ताई घाईने म्हणाल्या. "तपासणी स्वच्छ आहे. कपातून काही होत नाही, मी तर नेहमी सांगते..." जितकं बोलत गेल्या तितका तो कप मोठा मोठा होत गेला.

चौकटवाल्यानेच त्यांना सोडवलं. "राहू दे, आई. ताईंना बरं नसेल." मग आत येऊन त्याने कप उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पुन्हा खुंटीला लावला. खुर्चीकडे त्याने बघितलंही नाही. त्याचं बघायचं राहिलं म्हणून ते काम त्या मुलीने केलं.

ताई बाहेर पडल्या. शिंपीण त्यांच्या मागोमाग आली. "या, बसा जरा. काय झालंय पोटाला?" तिने आपल्या दारात स्टूल मांडलं आणि चहा पुढे केला. ताईंनी घेतला. कबुली "त्या घरां"ची होती, शिंपीण त्यात नव्हती. आणि सवय म्हणजे सवय. एक कप झाला, दुसरा झाला. शिंपिणीने पोटाचं पुन्हा विचारलं नाही. तिला जे कळायचं ते कळलं.

मंडळात येऊन ताईंनी फॉर्म भरला. वजन, तपासणी, गोळ्या. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. "नाही" लिहिलं तर सेक्रेटरी विचारणार, का? पुढच्या आठवड्यात जाऊन पिऊच, मग आत्ता "हो" म्हटलं तर काय बिघडलं? त्यांनी "हो" ला गोल केला. आणि इथेच खरी चूक झाली. "नाही" असतं तर मंडळाने दुसऱ्या कुणाला तरी धाडलं असतं. "हो" म्हणजे घर मिटलं, फाईल बंद.

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत गेल्या. शिंपीण दारात कुणाला तरी सांगत होती, "त्यांनासुद्धा माहीत असणार ना काहीतरी, उगीच का..." ताई वळल्या. आणखी एकदा गेल्या तेव्हा दुकान बंद होतं, हा शकुन आपल्या सोयीचा आहे असं त्यांनी ठरवलं.

खरं तर कबुलीनंतर नऊ दिवसांनीच सून स्वतः म्हणाली होती, "आई, मी वेड्यासारखं बोलले. डॉक्टरीण हसली मला. तुम्ही तुमचं काम नेहमीसारखं करा." झालं! कबुली नऊ दिवसांची निघाली, आणि त्या नऊ दिवसांत कपाचं घर एकच आलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक घरी ताई प्यायल्या. जरा जास्तच मोठ्याने भुरके मारून प्यायल्या.

गावातली प्रत्येक बातमी त्यांच्याकडे यायची, तशी हीही आली, तुकड्यातुकड्याने, न विचारता. चौकटवाला पत्र्याच्या खोलीतच राहिला. मग गिऱ्हाईक कमी झालं. त्याच्या हातची चौकट घरात टांगायला लोक कचरू लागले. मग हत्यारं घेऊन तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत गेला. बायको एक दिवसाआड डबा पोचवते. मुलगी रविवारी जाते. ताई ऐकायच्या आणि विषय बदलायच्या. ज्या बाईने गावातल्या कुणाचं काही झाकलं नाही तिने ही एक गोष्ट चार वर्षं कुणाला सांगितली नाही.

चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. मंडळाने समारंभ केला. सेक्रेटरी लांबलचक बोलला, हमाल येऊन पुन्हा रडला, आणि शेवटी ताईंच्या हातात मानपत्र दिलं, काचेच्या चौकटीत. "ज्यांनी एकाही रुग्णाचा कप कधी नाकारला नाही," असं त्यात सोनेरी अक्षरांत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंची नजर अक्षरांवर नव्हती, चौकटीवर होती. चारही कोपरे असे जुळलेले की नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. असे कोपरे गावात एकच माणूस जुळवायचा.

"चौकट कुणी केली हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"आपलाच जुना रुग्ण," सेक्रेटरी आनंदाने म्हणाला. "तुमचाच. मुद्दाम त्याला काम दिलं. मजकूर दोनदा वाचला त्याने, आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, ताईंचं आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताई त्या खोलीवर गेल्या. एक टेबल, करवत, सरसाचं भांडं, खिडकीशी एक खुर्ची. तीच, नव्या पायाची. भिंतीवर मुलीची चित्रं, सगळी चौकटीत. आणि खिळ्याला कप. लाल ठिपका झिजून गुलाबी झाला होता.

"या ताई," तो म्हणाला, जणू गेल्या मंगळवारीच भेटले होते. "चहा टाकतो."

"टाक. आणि मला त्या कपात दे."

त्याने भांडं चढवलं. ताई खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "त्या दिवशी माझं पोट बरं होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," तो म्हणाला. "समोर शिंपिणीकडे दोन कप घेतलेत. मी दुकानाच्या खिडकीत होतो."

चार वर्षांत ताईंनी मनात पुष्कळ भाषणं रचली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी नातवाचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, फॉर्मचंही सांगितलं. तो ऐकत होता आणि चहावरून नजर काढत नव्हता.

"बाळ ठीक आहे ना आता?"

"चार वर्षांचा आहे. माझ्या बशीतला चहा पळवतो."

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. तेच ताईंना जास्त लागलं.

"मी येते तुझ्या घरी. आत्ता. आईंच्या समोर बसून पिते."

"आई गेली, ताई. गेल्या वर्षी." त्याने गॅस बारीक केला. "शेवटी मला भेटली. दारातून. चांगलं बोलली."

एवढ्यात मुलगी आली. दहा वर्षांची, उंच झालेली. "बाबा!" म्हणत आत शिरली, नवं चित्र दाखवलं, ताईंना बघून लाजली. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक पेला काढला आणि टेबलावर ठेवला. आपला, घरून आणलेला. विचार करून नव्हे. चपला काढाव्यात तसा. चौकटवाल्याने त्यात चहा ओतला, एका काचेच्या ग्लासात ताईंसाठी ओतला, आणि उरलेला स्वतःच्या कपात.

ताईंनी हात पुढे केला. "मी हा घेते," म्हणाल्या आणि ठिपक्याच्या कपाला बोटं लावली.

त्याने कपावर तळहात ठेवला. राग नव्हता त्यात. ओल्या सरसावर धूळ पडू नये म्हणून ठेवावा तसा. "नको, ताई." मुलगी खिडकीशी चित्र उजेडात धरून बघत होती, त्याने आवाज खाली आणला. "ती आता का म्हणून विचारत नाही. सवय झालीय. आज तुम्ही प्यायलात तर ती विचारेल, की मग इतकी वर्षं का नाही? मी काय सांगू? तिच्या आजीचं नाव सांगू? तिच्या आईचं? की तुमचं?"

"माझं सांग."

"त्याने काय होणार? ही चार वर्षं कुठे परत येतात? नुसती ती कळतील तिला." त्याने ग्लास ताईंच्या पुढे सरकवला. "घ्या. निवतोय."

ताईंनी घेतला. आलं घातलेलं होतं.

सोमवारी निवृत्त बाई पुन्हा मंडळाच्या जिन्यात दिसली तेव्हा कारकुनाने हात जोडले. "चहाताई, एक दिवसही राहवलं नाही?" ताईंनी चार वर्षांपूर्वीची फाईल मागितली. माळ्यावरून ती काढता काढता कारकून चार वेळा शिंकला. ताईंनी शेवटच्या फॉर्मवरचा "हो" भोवतीचा गोल खोडला, "नाही" भोवती केला, आणि खाली लिहिलं: "रुग्ण पूर्ण बरा होता. चहा मी घेतला नाही."

"आता याचा काय उपयोग?" कारकून म्हणाला. "लोक हसतील. चहाताईंनी चहा सोडला म्हणतील, आणि तोही कधी, तर चार वर्षांपूर्वी!"

"हसू देत," ताई म्हणाल्या.

खाली नव्या लागलेल्या तीन मुली दूध पावडरचे डबे मोजत होत्या. ताई त्यांच्यात जाऊन बसल्या आणि त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सुनेचा दोष न काढता, शिंपिणीचे दोन कप न लपवता. इतरांच्या गोष्टींना लावायच्या तसं तिखटमीठही लावलं नाही, म्हणून ती फार लवकर संपली. एका मुलीने विचारलं, "मग आता त्या घरी कुणी जायचं?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या. "फाईल बंद आहे."

मानपत्र त्यांच्या घरी कपाटावर पडून आहे. सूनबाई अधूनमधून म्हणते, "आई, भिंतीला लावू या ना, किती सुरेख चौकट आहे." ताई म्हणतात, लावू, खिळा चांगला मिळू दे.